पाहणीपुरतं पाणी

"ज्या दिवशी माणसाने पाणी साठवलं, त्या दिवशी माणूस माणूस झाला!"

हेडमास्तरांनी हे वाक्य समोरच्या भिंतीवर जाऊन आपटेल अशा आवाजात फेकलं आणि ते परत येईपर्यंत थांबले. मग पुढे म्हणाले, "विस्तवाचं कौतुक आता पुरे. विस्तव काय, वीज पडली की झाडालाही मिळतो. चाकाचंही मला काही वाटत नाही. उतार असला की दगडसुद्धा गडगडतो. पण पाणी साठवायला विवेक लागतो. आणि विवेक, मित्रहो, विवेक हा या बेटाच्या..."

इथे त्यांना ठसका लागला. पहिला ठसका भाषणातला विराम म्हणून खपला. दुसऱ्याला पुढच्या बाकावरच्यांनी माना वर केल्या. तिसऱ्याला हेडमास्तरांनी सवयीने टेबलावर हात फिरवला. टेबलावर फुलदाणी होती, फुलदाणीत कागदाची फुलं होती, आणि पाण्याचा पेला नव्हता. कुणी आणायलाही उठलं नाही. सभेला आलेल्या प्रत्येकाला वाटत होतं की पेलाभर पाणी दुसऱ्याच्या घरून यावं.

"मास्तर, थुंकी गिळा!" मागून टेलरबाई ओरडल्या. "विवेकाचं नंतर बघू!"

सभागृह हसलं. सभागृह म्हणजे बेटावरच्या बंद पडलेल्या शाळेचा मोठा वर्ग. शाळा बंद झाली तरी किल्ली हेडमास्तरांकडेच राहिली होती, आणि ज्याच्याकडे किल्ली त्याच्याकडे अध्यक्षपद, असा या बेटाचा साधा कायदा होता.

सभेचा विषय गंभीर होता. बेटावर प्रत्येक घराच्या अंगणाखाली एक टाकं. पावसाचं पाणी छपरावरून पन्हाळीत, पन्हाळीतून टाक्यात, आणि वरून लोखंडी झाकण. आजोबा-पणजोबांच्या काळात हे टाकं वर्षभर पुरायचं. आता पाऊस येतो तो पाहुण्यासारखा, उंबऱ्यावरूनच "बसत नाही, घाईत आहे" म्हणून जातो. विहिरी खारट झालेल्या. आठवड्यातून एकदा पलीकडून, म्हणजे मुख्य किनाऱ्यावरून, पाण्याची बोट येते, तेव्हा धक्क्यावर जी भांडणं होतात ती बघायला समुद्रपक्षीसुद्धा खांबांवर ओळीने बसतात. अशा वेळी बातमी आली होती की समुद्राचं पाणी गोड करणारं एक मोठं यंत्र सरकार देणार आहे. यंत्र एक आणि बेटं दोन, एक हे आणि एक समोरचं. दोन्हीकडच्या टाक्यांची पाहणी होईल, आणि मग ठरेल.

"मग सोपं आहे," भोंगा म्हणाला. भोंगा म्हणजे मासेमारीच्या बोटीचा मालक. त्याच्या आवाजावरून त्याला हे नाव पडलं होतं, आणि तो कुजबुजला तरी धक्क्यावर ऐकू जायचं. "झाकणं उघडायची आणि दाखवायचं. तळ दिसतोय म्हणावं. द्या यंत्र!"

हेडमास्तरांचा ठसका एव्हाना बसला होता. त्यांनी भोंग्याकडे, गणितात नापास झालेल्या मुलाकडे बघावं तसं बघितलं.

"शाळेचं छप्पर गळतंय म्हणून साहेबांना कुणी दाखवलं होतं?"

हेडमास्तरांनी स्वतःच्या छातीकडे बोट केलं.

"मी. मी स्वतः बादली खाली धरून दाखवलं. काय झालं? छप्पर दुरुस्त झालं?"

"शाळा बंद झाली," टेलरबाई म्हणाल्या.

"दवाखान्यात औषधं नाहीत म्हणून अर्ज कुणी केला?"

"आम्ही."

"मग?"

"औषधंच नाहीत तर दवाखाना कशाला, म्हणून नर्सबाईंना उचलून नेलं."

"आणि संध्याकाळची बोट जुनी झाली, नवी द्या, असं म्हणालो आपण." हेडमास्तरांनी बोट वर केलं. "जुनी नेली. नवीची अजून वाट बघतोय. यावरून आपण काय शिकलो?"

सगळ्या वर्गाला उत्तर येत होतं. या बेटाने आयुष्यात एकच धडा नीट पाठ केला होता, की सरकार नसलेल्याला देत नाही, असलेल्याला देतं. दुखणं दाखवलं की अवयव कापतात. रिकामं टाकं दाखवलं की म्हणणार, इथे माणसं राहतातच कशाला, उठवा यांना. आणि समोरच्या बेटाचे लोक काही कमी बनेल नव्हते. ते टाकी काठोकाठ भरून दाखवणार, यंत्र घेऊन जाणार आणि वर यांच्याकडे बघून हात हलवणार.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," हेडमास्तर म्हणाले. "पाहणीच्या दिवशी प्रत्येक टाक्यात पाणी दिसलं पाहिजे."

"आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" न्हाव्याने विचारलं. न्हावी कोरडी दाढी करण्यात आता इतका तरबेज झाला होता की गिऱ्हाईकं रक्त पुसायला रुमाल घरून आणायची.

हेडमास्तर हसले. त्यांनी फळ्यावर गल्लीतल्या घरांची रांग काढली, आणि घरामागून जाणारी एक लांब रेघ. ती रेघ म्हणजे भोंग्याच्या पंपाचा पाइप होता.

"पाहणीवाल्या बाई एकावेळी एकाच घरात असणार," ते म्हणाले. "पाणी मात्र त्यांच्या पुढच्या घरात असेल."

वर्गात टाळ्यांचा कडकडाट झाला. हेडमास्तरांना इतक्या टाळ्या निरोपसमारंभालाही मिळाल्या नव्हत्या.

घरी मात्र टाळ्या नव्हत्या. सूनबाई बाळाच्या पाठीला पावडर लावत बसल्या होत्या. बाळाला घरात सगळे ढब्बू म्हणत. ढब्बूची दुपटी विहिरीच्या खाऱ्या पाण्यात धुवावी लागत, त्यामुळे तिच्या पाठीवर आणि मांड्यांवर लाल चट्टे उठले होते. ते खाजले की ती रडे, आणि ती रडली की हेडमास्तरांना शाळेची घंटा वाजल्यासारखं होऊन ते उठून उभे राहत. पत्नी गेल्यापासून त्या घरात त्यांना उभं करणारी दुसरी गोष्ट नव्हती.

"बाबा, हे काय ऐकते मी?"

"काय ऐकतेस?"

"आपल्या टाक्यातलं उरलंसुरलं पाणी पाइपात घालणार म्हणे तुम्ही."

"सगळ्यांचंच. एकत्र करून. फक्त एका दिवसापुरतं. नंतर ज्याचं त्याला परत."

"परत?" सूनबाईंनी पावडरचा डबा खाली ठेवला. "या गल्लीत वाटीभर साखर परत येत नाही, आणि पाणी येणार आहे? बाबा, त्या बाईंना झाकण उघडून दाखवा ना सरळ. तळाशी चिखल आहे तो दाखवा. ढब्बूची पाठ दाखवा. त्याही बाईमाणूसच आहेत ना?"

"बाई असल्या तरी सरकारी आहेत."

कोपऱ्यात मुलगा इंजिनाचा कुठलासा भाग रॉकेलने पुसत बसला होता. बोटींची इंजिनं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, आणि माणसांच्या भांडणात इंजिन बंद ठेवणं हा स्वभाव. पलीकडच्या एका वर्कशॉपवाल्याने त्याला बोलावलं होतं, राहायला खोलीसकट. खोलीत नळ होता. एखाद्या मुलीने सांगून आलेल्या स्थळाबद्दल बोलावं, तशा सूनबाई त्या नळाबद्दल बोलत.

"मी स्पष्टच सांगते," त्या म्हणाल्या. "यंत्र आलं, तर आम्ही इथे. नाही आलं, तर पलीकडे. हिला घेऊन."

"तू काय म्हणतोस?" हेडमास्तरांनी मुलाला विचारलं.

"बघू," मुलगा म्हणाला. तो लहानपणापासून असाच होता. परीक्षेत उत्तर येत असलं तरी तो वर्गात हात वर करत नसे.

"यंत्र येणार," हेडमास्तर म्हणाले. "म्हणून तर हा सगळा खटाटोप. सूनबाई, तुझा माझ्यावर विश्वास नाही का?"

"तुमच्यावर आहे हो. तुमच्या फळ्यावर नाही."

पाहणीवाल्या बाई आल्या त्या सकाळच्या बोटीने. वयाने लहान, डोक्यावर मोठी टोपी, पाठीवर पिशवी, पिशवीच्या खिशात पाण्याची बाटली आणि हातात घडीची मोजपट्टी. स्वभावाने इतक्या गोड, की त्यांना फसवायचं म्हणजे टेलरबाईंनाही जरा जड गेलं. पण त्यांनी ते मन घट्ट करून केलं.

पहिलं घर टेलरबाईंचंच होतं. झाकण उघडलं, आणि आत गल्लीतल्या सगळ्या घरांचं पाणी गुपचूप बसलेलं होतं. बाईंनी मोजपट्टी सोडली, आकडा घेतला आणि म्हणाल्या, "वा!" आता त्यांना अडवून धरणं आलं. दर घरी चहा करायचा तर तेवढंही पाणी नव्हतं, म्हणून बिस्किटं पुढे झाली. सोबत टेलरबाईंच्या दोन्ही मुलींच्या लग्नाचे अल्बम. बाई एका हाताने बिस्किट खात आणि दुसऱ्या हाताने व्याही मंडळी उलटत होत्या, तेवढ्यात मागच्या बाजूला पंप धडधडू लागला.

"हा कसला आवाज?"

"गिरणी," टेलरबाई म्हणाल्या. "दळण चाललंय."

दुसऱ्या घरीही बाई "वा!" म्हणाल्या. तिसऱ्या घरीही. दर घरी बिस्किटं, दर घरी अल्बम आणि दर घरी मागे गिरणी. न्हाव्याकडे लग्नाचा अल्बम नव्हता, कारण न्हाव्याचं लग्न झालं नव्हतं. त्याने बाईंना केस वाढवण्याचे उपाय सांगितले आणि त्या टोपी काढून ऐकत बसल्या.

"तुमच्याकडे दळण फार होतं," त्या म्हणाल्या.

"खाऊनपिऊन सुखी बेट आहे," न्हावी म्हणाला. त्यातलं पिण्याचं तेवढं त्याने जरा हळू म्हटलं.

हेडमास्तर पाहुण्यांच्या मागेमागे, हात पाठीशी बांधून, वार्षिक तपासणीला चालावं तसे चालत होते. सगळं फळ्यावरच्या रेघेप्रमाणे चाललं होतं. एकच गोष्ट फळ्यावर दाखवायची राहिली होती, ती म्हणजे माणसं. पाणी ज्या ज्या घरातून गेलं, त्या त्या घराने त्यात आपला हात मारला. कुणी हंडा भरून माळ्यावर चढवला, कुणी कपाटात कळशी कोंडली, कुणी घमेल्यात भरून वर चादर टाकली. न्हाव्याने तर तेवढ्यात डोक्यावरून आंघोळ केली आणि ओल्या केसांनी बाईंना निरोप दिला. प्रत्येकाचा हिशेब एकच होता, की माझं पाणी मला परत मिळणार नाही, तर आत्ताच घेतलेलं बरं. आणि एकाचंही चुकलं असं म्हणता येणार नाही. पाइपही जुना होता. तो वाटेत चार ठिकाणी रडत होता, आणि बेटावर तो एकटाच मोकळेपणाने रडत होता.

हेडमास्तरांचं घर गल्लीच्या शेवटी, खडकांना लागून. बाई शेजारच्या घरात अल्बमाच्या शेवटच्या पानावर आल्या, तेव्हा भोंगा मागच्या दाराने धापा टाकत आला.

"मास्तर, डिझेल संपलं. आणि पाणीही. तुमच्या टाक्यात पाऊलभर पडलंय फक्त."

"पाऊलभर?" हेडमास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. "सगळ्यांच्या घरी गुडघ्याच्या वर आणि अध्यक्षाच्या घरी पाऊलभर? भर! काही कर, पण भर!"

"कुठून भरू?"

"आता तेही मीच सांगू? भर कुठूनही!"

भोंगा आयुष्यभर समुद्रावर जगलेला माणूस. त्याला 'कुठूनही' म्हटल्यावर एकच दिशा दिसली. त्याने चार माणसं घेतली, खडकांवर उतरला, आणि हातोहात बादल्या वर येऊ लागल्या.

बाई अंगणात आल्या, तेव्हा टाकं गुडघ्याच्या वर भरलेलं होतं आणि भोंगा निरागस चेहऱ्याने विजारीचे पाय पिळत होता. झाकण उघडलं. उन्हाची तिरीप आत गेली. पाण्यात बोटाएवढा एक चंदेरी मासा गोल गोल फिरत होता. तो आपण कुठे आलो या काळजीत होता.

भोंग्याने डोळे मिटून घेतले. बाईंचा चेहरा मात्र उजळला.

"अरे वा! डासांच्या अळ्या खायला मासे सोडता तुम्ही? हे आम्ही लोकांना शिकवून शिकवून थकतो!"

"आमच्याकडे पूर्वापार आहे," हेडमास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात एवढा आत्मविश्वास होता की भोंग्यालाही क्षणभर खरं वाटलं.

"बाई," मागून आवाज आला. सूनबाई ढब्बूला कडेवर घेऊन दारात उभ्या होत्या. "तो मासा समुद्रातला आहे. पाणीही समुद्रातलंच. आमचं टाकं रिकामं आहे. सगळ्या गल्लीचीच टाकी रिकामी आहेत."

भोंग्याने घाईघाईने आकाशाकडे बघितलं. हेडमास्तर हसले. वर्गातल्या हुशार मुलीने भलतंच उत्तर दिल्यावर हसावं तसं मोठ्याने, मायेने हसले.

"आमच्या सूनबाईंना थट्टेची भारी सवय."

"थट्टा कशाला? पिऊन बघू दे त्यांना." सूनबाईंनी दोरीची बादली सोडली, पेला भरला आणि बाईंच्या समोर धरला. पेला स्थिर होता.

बाईंनी पेल्याकडे बघितलं, आणि आपल्या पिशवीतल्या बाटलीकडे बघितलं. "तसं मी बाहेरचं पाणी पीत नाही, पोट जरा नाजूक आहे माझं. पण एवढ्या आग्रहाने..." म्हणत त्यांनी हात पुढे केला.

त्या हातात पेला पोचला असता, तर ही गोष्ट इथे संपली असती आणि तीही बरी संपली असती. हेडमास्तरांनी तो मधल्यामध्ये घेतला. सुनेकडे बघितलं नाही. तोंडाला लावला आणि घटाघट, एका दमात, तळापर्यंत प्यायले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, कानशिलं लाल झाली आणि मानेची शीर पाइपासारखी फुगली. त्यांनी पेला उलटा करून दाखवला.

"अमृत," ते म्हणाले.

सूनबाईंनी सासऱ्यांकडे एकदाच बघितलं, ढब्बूला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आत गेल्या.

बाई जाताना फार खूश होत्या. "मला सर्वांत काय आवडलं सांगू? सगळ्या टाक्यांची पातळी जवळपास सारखी! इतकं समान वाटप मी कुठेच बघितलं नाही."

बोट दिसेनाशी होईपर्यंत हेडमास्तर धक्क्यावर हात हलवत उभे राहिले. मग खांबाला धरून ओकले.

आपापलं पाणी परत घ्यायला लोक कळशा घेऊन हेडमास्तरांच्या अंगणात जमले, तेव्हा पहिली चूळ टेलरबाईंनी भरली आणि भोंग्याच्या अंगावर थुंकली. पाइपातून आलेलं उरलंसुरलं सगळं गोड पाणी त्या टाक्यात होतं, आणि त्यातलं आता थेंबभरही गोड नव्हतं. त्यानंतर जे झालं त्याला सभा म्हणता येणार नाही. कोणाच्या माळ्यावर काय आहे, कोणाच्या कपाटात काय आहे, हे एकमेकांच्या तोंडून सगळ्यांना कळलं. न्हाव्याचे ओले केस हा तर उघड पुरावाच होता.

"थोडं सोसा," हेडमास्तर म्हणत होते. "यंत्र आलं की आंघोळी करा, दिवसातून दोनदा करा!"

सूनबाईंनी त्या दिवशी ढब्बूचं दूध कालवलं ते टेलरबाईंनी कपाटातून काढून दिलेल्या तांब्याभर पाण्यात. देताना टेलरबाई म्हणाल्या, "मास्तरांना सांगू नकोस, नाहीतर म्हणतील परत आलं." दोघी हसल्या. मग एक थांबली, आणि दुसरीलाही हसणं पुढे नेता येईना.

निकाल सांगायला साहेब स्वतः आले. सोबत फोटो काढणारा होता आणि कापडात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी, जड. यंत्राचा एखादा सुटा भाग असावा असं भोंग्याला वाटलं. त्याने पुढे होऊन ते स्वतः खांद्यावर घेतलं आणि शाळेपर्यंत वाहून नेलं. कापड निघालं, तेव्हा आत संगमरवरी पाटी होती. तिच्यावर सोनेरी अक्षरांत 'जलसमृद्ध बेट' असं कोरलेलं होतं.

साहेबांनी भाषण केलं. त्यांच्यासमोर मात्र पेला होता. या बेटाने साऱ्या किनाऱ्याला धडा घालून दिला आहे, ते म्हणाले. इथे प्रत्येक घरी पाणी, प्रत्येक घरी सारखं पाणी, आणि वर शास्त्रशुद्ध मत्स्यपालन. समोरच्या बेटावर काय आढळलं? झाकणं उघडली तर आत पाली! त्या बिचाऱ्यांनी काही लपवलं नाही, काही सजवलं नाही, सरळ तळ दाखवला. म्हणून यंत्र तिकडे द्यायचं ठरलं आहे. ते उभं राहीपर्यंत पाण्याची बोटही तिकडेच जाईल. इथे ती महिन्यातून एकदा येईल, केवळ रिवाज म्हणून. तुमच्यासारख्या स्वावलंबी लोकांना खरं तर तीही लागू नये.

फळ्यावरची रेघ पुसायची राहून गेली होती. ती साहेबांच्या डोक्यामागून आडवी जात होती.

"मास्तर," भोंगा कुजबुजला. कुजबूज अर्थातच सगळ्यांनी ऐकली. "मास्तर, बोला! सांगा त्यांना!"

हेडमास्तर उठले. खोलीतल्या प्रत्येकाचं तोंड त्यांच्याकडे वळलं. सांगायचं तर एकच वाक्य होतं. पण ते वाक्य बोललं की अख्खं बेट लबाड ठरत होतं, आणि लबाडांचा अध्यक्ष कोण, हे विचारायला साहेबांना फार लांब बघावं लागलं नसतं. हेडमास्तरांनी घसा साफ केला.

"आम्ही आभारी आहोत," ते म्हणाले.

फोटो काढणाऱ्याने फोटो काढला.

नंतर, साहेबांना धक्क्यावर पोचवताना, हेडमास्तरांनी इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "साहेब, समजा, उद्या आमच्याकडचं पाणी थोडं कमी झालं तर..."

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "नम्रपणा हा तुमच्या बेटाचा गुणच दिसतो. मॅडम सांगत होत्या, तुमची सून तर भरल्या टाक्यावर उभी राहून म्हणाली, आमचं टाकं रिकामं आहे! ऑफिसमध्ये आम्ही किती हसलो, मास्तर! अशी सून मिळायला भाग्य लागतं."

भाग्य त्या वेळी घरी ट्रंक भरत होतं.

हेडमास्तर घरी आले तेव्हा अर्धी ट्रंक भरून झाली होती. मुलगा पाळण्याचे स्क्रू काढत होता. हेडमास्तर खुर्चीवर बसले. त्यांना वाटलं, सूनबाई काहीतरी बोलतील, "बघितलंत?" असं तरी म्हणतील. मग त्यावर उत्तर देता आलं असतं, उत्तर द्यायची त्यांना चाळीसभर वर्षांची सवय होती. पण सूनबाईंनी सासऱ्यांची औषधं खिडकीत ओळीने लावून ठेवली, कोणतं कधी घ्यायचं ते सांगितलं, आणि ढब्बूचे मोजे टोप्यांत भरू लागल्या.

"पाटी कुठे लावणार?" मुलाने विचारलं. ती टोमणा मारायची रीत नव्हती, त्याला खरोखरच माहिती हवी होती.

"धक्क्यावर," हेडमास्तर म्हणाले. "साहेबांची इच्छा आहे. येणाऱ्या माणसाला दिसावी."

"आणि जाणाऱ्याला," सूनबाई म्हणाल्या. औषधांखेरीज त्या दिवसातलं त्यांचं ते एवढंच बोलणं.

बोटीच्या दिवशी सगळी गल्ली धक्क्यावर आली होती. टेलरबाईंनी ढब्बूला झबलं शिवून आणलं होतं आणि न्हाव्याने तिच्या गालाला हात लावून "हिची पाठ बरी होईल तिकडे" असं म्हटलं होतं. भोंग्याने ट्रंक चढवून दिली. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हीही चला."

"आणि इथलं कोण बघणार?"

"इथे बघायला आहे काय?"

हेडमास्तरांनी घरून निघताना एक भाषण मनाशी जुळवलं होतं. त्यात माफी होती, तीही लपवूनछपवून नाही, सरळ पहिल्याच वाक्यात. त्यात हेही होतं की खोली लहान असली तरी मी कोपऱ्यात पडून राहीन. आणि सर्वांत शेवटी होतं, जाऊ नका. इतकं लहान वाक्य त्यांनी आयुष्यात कधी तयार केलं नव्हतं.

बोट सुटायला आली. खलाशाने दोर सोडला. सूनबाई काठाशी ढब्बूला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ढब्बूने बाटलीतलं थोडं पाणी पिऊन तोंड फिरवलं. सूनबाईंनी बाटली उन्हात धरून बघितली. अर्धी उरलेली होती, पाणी कोमट झालं होतं, आणि पलीकडे नळ होता. त्यांनी बाटलीचं झाकण फिरवलं आणि बोटीच्या कडेवरून हात बाहेर काढला.

"थांब!" हेडमास्तर ओरडले.

तो वर्गाच्या भिंतीवर आपटणारा आवाज होता. खलाशी थबकला. टेलरबाईंनी पदर तोंडाला लावला. सूनबाईंचा हात तसाच हवेत राहिला आणि त्यांनी वर बघितलं. बऱ्याच दिवसांनी त्यांनी सासऱ्यांच्या डोळ्यांत बघितलं होतं. मुलगा उठून उभा राहिला. अख्खा धक्का एका माणसाच्या तोंडाकडे बघत होता. हेडमास्तरांचे ओठ दोनदा उघडले आणि दोनदा मिटले. मग ते धक्क्याच्या कडेला आले, गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी हात लांब केला.

"ते ओतू नकोस," ते म्हणाले. "इकडे दे."